जिभेची जागा

गोळीच्या मधोमध एक रेघ होती. कारखान्यातच पाडलेली, इतकी सरळ की नखाने दाबलं तर गोळीने निमूट दोन व्हावं. पण तुकडे कधीच सारखे पडत नसत, आणि स्टीलच्या वाटीत सांडलेली ती चिमूटभर भुकटी कोणत्या अर्ध्यात धरायची हे मायाला आजही ठरवता आलं नाही. भुकटीत एक करडा कण होता. खिडकी उघडी होती, म्हणजे तो राखेचाच असणार; कोराडीत, वीजकेंद्राच्या चिमणीखाली, पांढरं काही फार वेळ पांढरं राहत नाही. तिने तो कण बोटाच्या टोकाने बाजूला केला आणि वाटीकडे पाहत बसली.

घेतली तर जीभ कोरडी पडणार. डॉक्टरांनी हे आधीच सांगितलं होतं—तोंडाला कोरड पडेल, सवय होईल, पाणी पीत जा—आणि एरवी ही काही मोठी तक्रार नव्हे. ती कॉलेजात तासिकांवर वनस्पतिशास्त्र शिकवत होती तेव्हा जीभ कोरडी पडली असती तरी पेशीची भित्ती काही चुकीची शिकवली गेली नसती. पण आता ती मराठी शिकवायला शिकत होती, आणि मराठीत एक अक्षर असं आहे की त्याला ओली जीभ लागते. जिभेचं टोक मागे उलटं वळवायचं, टाळूच्या घुमटाला टेकवायचं आणि तिथून पुढे सोडून द्यायचं. ळ. टाळू कोरडा असला की जीभ तिथे चिकटते आणि सुटताना ‘चट्’ असा बारीक आवाज येतो. इतरांना तो ऐकू येतो की नाही कोण जाणे. कोर्स घेणाऱ्या वैभवी मॅडमना आला होता. “तोंडात काही आहे का तुमच्या? बडीशेप वगैरे?” त्यांनी सगळ्या वर्गासमोर विचारलं होतं. रागाने नव्हे—त्या रागावतच नसत—खऱ्याखुऱ्या कुतूहलाने.

त्या दिवसापासून तिने गोळी अर्धी केली, आणि पुढे ती अर्धीही वाटीतच राहू लागली. जीभ ओली झाली. ळ स्वच्छ सुटू लागला. मग डोक्यात करंट सुरू झाला.

मान एकदम वळवली की डोळ्यांच्या मागे काहीतरी चमकून विझायचं, पायाखालची फरशी बोटभर सरकायची आणि परत जागेवर यायची. वीजकेंद्राच्या कॉलनीत वाढलेल्या मुलीला याला दुसरं नाव सुचलं नाही. ही गोळी आपल्या मनाने सोडायची नसते, हळूहळू उतरवायची असते, ते का, हे ती कोणालाही फळ्यावर आकृती काढून समजावू शकली असती. समजतं मला सगळं. समजण्याने कधी कोणाची फरशी सरकायची थांबली आहे?

“गोयी घेतली काय वं?” आईने स्वयंपाकघरातून विचारलं.

रोजचाच प्रश्न. माया भिंतीकडे तोंड करून पडून राहायची, उठून अंघोळ करणं हेच ज्या दिवसांत डोंगराएवढं काम होतं, त्या दिवसांपासून आई, सिंधूताई, हा प्रश्न रोज विचारत आल्या होत्या—डबा घेतला काय, रुमाल घेतला काय, अशा आवाजात. त्या आवाजामुळेच आजार घरात माणसासारखा राहू शकला होता. पण आज तो शब्द मायाच्या कानात वाकडा शिरला. आज तिचा शेवटचा पाठ होता, आणि पाठाचा विषयच ळ होता.

“गोळी,” ती म्हणाली. “आई, गोयी नाही. गोळी. काय कठीण आहे त्यात? जीभ मागे घे जरा.”

लाटणं थांबलं. मग पुन्हा सुरू झालं, पण हळू. थोड्या वेळाने आईने डबा आणून तिच्यासमोर ठेवला.  मायाने वाटी आरशामागच्या फळीवर सरकवली, चेहऱ्याला ओढणी गुंडाळली आणि बाहेर पडली.

बसमध्ये गरम वारा शिरत होता. एप्रिलात नागपूरच्या बायका डोळ्यांपुरत्या उघड्या असतात, त्यामुळे ओढणीच्या आत ओठ हलले तरी कोणाला दिसत नाही. सगळा महिनाभर तिने घरी, आणि येता-जाता या आडोशाला सराव केला होता. काळ, वेळ, मूळ, गाळ. खिडकीबाहेर ताडपत्री बांधलेले ट्रक उलट दिशेने केंद्राकडे चालले होते. कोळसा. हा शब्द तिला कधी म्हणून पाहावा लागत नसे... हा बाबांनी घटवून घेतलेला होता.

प्रेमानंद हे स्वतःचं जोडाक्षरी नाव खणखणीत सांगणारा माणूस, ज्या वस्तूत सगळी नोकरी गेली तिला कोयसा म्हणायचा. वरच्या जागेच्या मुलाखतीत त्यांनी तसंच म्हटलं तेव्हा समोरचा साहेब म्हणाला होता, “कोय-सा? आंब्याच्या कोयीतला का?”—आणि टेबलापलीकडचे सगळे हसले होते. हे बाबांनीच घरी येऊन सांगितलं, साहेबाची नक्कल करून, हसत. आणि दुसऱ्या दिवशीपासून चहाच्या वेळी तिला समोर उभं करू लागले. “म्हन, कोयसा.” ती म्हणायची, “कोळसा.” मग ते मांडीवर थाप मारायचे. त्यांना तो म्हणता येत नव्हता, पण ऐकू यायचा. नुसत्या कानाने त्यांनी तिची जीभ जागेवर बसवली. ती चुकली तर मान हलवायचे. चूक झाली असं मात्र कधी म्हणायचे नाहीत. म्हणायचे, “नाही... हे माह्यासारखं झालं.”

हे माह्यासारखं झालं. बस वळली, ट्रक मागे पडला, डोळ्यांमागे करंट चमकला आणि समोरच्या सीटचा दांडा तिने घट्ट धरला.

प्रशिक्षण संस्थेच्या जिन्यात वर्गातली गुंजन भेटली. ही नागपूरच्या वेशीवरच्या वाडीची, अमरावती रोडवरच्या ट्रकांच्या भोंग्यांवर आवाज चढवून बोलायची सवय असलेली. वर्गात ‘मला, तुला’ आणि वर्गाबाहेर पाऊल टाकलं की ‘मले, तुले’—चपला दाराशी काढाव्यात आणि जाताना घालाव्यात इतक्या सहज. मायाला तिचा हेवा वाटे. मला चपला नाहीत, तिला वाटे, माझ्या पायाची कातडीच मी कुठेतरी काढून ठेवली आहे.

“काहून वं, चेहरा उतरला तुहा? बीपी लो झालं काय?” गुंजन म्हणाली. “ग्लुकोज देऊ? आहे मायावालं.”

‘मायावालं’ म्हणताना तिने डोळा मारला. महिनाभर हा विनोद चालला होता: नागपुरात ‘माझं’ म्हणजे ‘मायावालं’, त्यामुळे वर्गातलं प्रत्येक बेवारस पेन आणि छत्री मायाचीच ठरायची. माया हसली. “ऊन लागलं थोडं.”

ऊन. महिनाभर तिने सगळं उन्हावर ढकललं होतं: मधल्या सुट्टीत संडासाचं दार लावून बसणं, वर्गात कोणी खुर्ची सरकवली तरी दचकणं. पहिल्या दिवशी वैभवी मॅडम म्हणाल्या होत्या, “हा कोर्स कस काढतो. रोज पाठ, रोज सगळ्यांसमोर चर्चा, रात्री उद्याची तयारी. कोणाला तब्येतीचा काही त्रास असेल तर अगदी मोकळेपणाने सांगा, आपण पुढच्या बॅचला सामावून घेऊ.” किती गोड आवाजात सांगितलं होतं. मोकळेपणाने सांगा, म्हणजे मोकळं करता येईल. शहरातल्या एका इंग्रजी शाळेने तिला तोंडी कबूल केलं होतं: प्रमाणपत्र आणा, जूनपासून या. पुढची बॅच दिवाळीनंतर होती. मधल्या महिन्यांत पुन्हा ती भिंत होती, जिच्या रंगाचे पोपडे तिला पाठ झाले होते. म्हणून तिने सांगितलं नव्हतं. आजचा पाठ नीट पार पडला की सांगण्यासारखं काही उरणारच नव्हतं.

सरावाच्या वर्गात बसणारे विद्यार्थी मोठी माणसं होती, फुकट मराठी शिकायला येणारी. बँकेत बदली होऊन आलेली वारंगळची एक तेलुगू बाई, रेल्वेतले दोघे, आणि वाडीच्या गोदामात माल उतरवून घेणारे तिवारी. मायाने फळ्यावर तोंडाचा उभा छेद काढला. देठाचा, मुळाचा छेद काढावा तसाच तिने तो काढला—ओठ, दात, टाळूची कमान, आणि आत लालसर खडूने जीभ. ‘ल’साठी जीभ इथे, दातांच्या मागे. ‘ळ’साठी इथे, वर, उलटी. रेघ हलली नाही. वैभवी मॅडम मागच्या बाकावर वही उघडून बसल्या होत्या. त्यांनी मान डोलावल्याचं तिला न बघता कळलं.

“म्हणा. वेळ नाही.”

“वेल नाही,” तिवारी म्हणाले.

“वेल म्हणजे मांडवावर चढते ती. ती आपल्याकडे नाही हे खरं, पण आपल्याला आज घड्याळातली वेळ हवी आहे.” वर्ग हसला. तेलुगू बाईने एका दमात म्हटलं, “वेळ नाही.” गोल, ओला, जिथे हवा तिथे पडलेला ळ. तो तिच्या भाषेत होताच. वारंगळहून येताना ती तो सोबतच घेऊन आली होती. आणि आमच्या घरात तो नव्हता—इथल्याच मातीत किती पिढ्या राबलेल्या घरात. आजोबांनी दीक्षाभूमीवर देव सोडले, गाव सोडलं, गावाने दिलेलं नाव सोडलं. तोंडातला एक य तेवढा सोडायचा राहून गेला, आणि तो बरोबर सगळ्या मुलाखतींना हजर राहिला.

पाठ चांगला चालला होता. एवढा चांगला की तिला भीती वाटू लागली. मग तिवारींनी हात वर केला.

“मॅडम, माझे घरमालक वाडीचेच आहेत. ते डोळ्याला डोया बोलतात. केळ्याला केय. ते गलत आहे काय?”

या प्रश्नाचं उत्तर तिला येत होतं. दुसऱ्या आठवड्यात वैभवी मॅडमनीच ते शिकवलं होतं, तिने स्वतः ते सुंदर अक्षरात उतरवून घेतलं होतं: बोलीला चूक म्हणू नये. घरमालक बोलतात ती इथली बोली, तिचे तिचे नियम आहेत. शाळेत-कचेरीत चालते ती प्रमाण भाषा. आपण इथे ती शिकतो आहोत. तीन वाक्यं. ती तिच्या जिभेवर तयारही होती. तिवारींकडे बघायला तिने मान वळवली—आणि करंट आला. या वेळी फरशी बोटभर नाही, हातभर सरकली. फळ्यावरचं लाल तोंड एका कुशीवर कललं. कानात लाटणं ऐकू आलं, सकाळचं, हळू झालेलं. तीन वाक्यं संपेपर्यंत उभं राहता येईल याची तिला खात्री वाटेना, आणि तिच्या तोंडाने त्यांतलं सगळ्यात लहान असं, त्यांत नसलेलंच, एक उत्तर निवडलं.

“चूक,” ती म्हणाली. “ते चूक आहे.”

च आणि क. दोन्हीला जीभ फार हलवावी लागत नाही.

फरशी परत आली. तिवारींनी खाली मान घालून लिहून घेतलं, आणि मग एखादं कुलूप उघडल्यासारखा चेहरा वर करून म्हणाले, “म्हणजे य चूक, ळ बरोबर. मग मॅडम, पाय पण चूक! पाळ! गाय नाही, गाळ!”

सगळे हसले. वैभवी मॅडमही हसल्या. “नाही,” माया म्हणाली, “पाय बरोबर आहे. जिथे मुळातच य आहे तिथे यच राहतो. मुळात ळ असेल तिथेच ळ.”

“पण मॅडम,” तिवारी खरोखरच अडले होते, “मुळात काय होतं ते आम्हाला कसं कळणार?”

घंटा झाली. ती झाली नसती तर काय सांगितलं असतं याचा माया नंतर कितीतरी वेळ विचार करत राहिली.

चर्चेला सगळे वर्तुळात बसले. वैभवी मॅडम म्हणाल्या, आकृती अप्रतिम, उदाहरणं नेमकी, विनोद पाठाला धरून. “ते ‘चूक’ तेवढं टाळायला हवं होतं, आपलं ठरलं आहे ना,” त्या म्हणाल्या आणि लगेच हात हलवला, माशी उडवावी तसा. “पण घाईत निघून जातं. मोठा मुद्दा नाही.” मग वही मिटून पुढे वाकल्या. “मधेच थोडा तोल गेला तुमचा. बरं आहे ना?”

दार उघडं होतं. मी म्हणू शकले असते: मॅडम, मी एक गोळी घेते. घेत होते. तुमच्या ळसाठी सोडली, आणि त्यामुळे आत्ता तुमच्या चेहऱ्याच्या कडा मला दोनदोन दिसतायत.

“ऊन लागलं,” ती म्हणाली.

“जपा हं. आणि तुम्ही मूळच्या कुठल्या, पुण्याच्या?”

“इथलीच. कोराडी.”

“हो?” मॅडमच्या आवाजात निखळ आनंद होता. ती शाबासकी देताना त्यांना हात अजिबात आखडता घ्यावा लागला नाही. “कळतच नाही हो!”

कळतच नाही. दोन्ही बाजूंनी गुळगुळीत केलेला शब्द. मधे तो ळ, टाळूवर बरोबर टेकलेला. बाबा असते तर त्यांनी मांडीवर थाप मारली असती. किंवा नसती मारली... मूळच्या, म्हणाल्या. मुळात काय होतं ते आम्हाला कसं कळणार?

फाटकाबाहेर गुंजनने तिला ठेल्यावर ओढून नेलं आणि तर्री-पोह्याच्या दोन प्लेटा सांगितल्या. “सुटलो ना बाप्पा! दोघी पास. आता शाळा मायावाली, पगार मायावाला.” मग तोंडात घास असतानाच म्हणाली, “तू तिवारीले चूक म्हनलं ना, तवा मले वाटलं, माह्या आजीलेच म्हनून राहिली तू. हासूच आलं मले.”

“मलाही,” माया म्हणाली, आणि दोघी हसल्या. तर्री तिखट होती. जीभ ओली होती, चव स्वच्छ लागत होती, सगळं जागच्या जागी होतं.

परतीच्या बसमध्ये तिने स्वतःची उलटतपासणी घेतली, प्रयोगाच्या निष्कर्षाची घ्यावी तशी. ‘चूक’ कोण म्हणालं? करंट म्हणाला की मी? अर्धी गोळी पोटात असती तर बोली, प्रमाण, तिचे तिचे नियम—सगळं नीट म्हटलं असतं का, फक्त मधेमधे ‘चट्’ वाजत? की गोळी असो नसो, तो शब्द तिथे बसलेलाच होता, बाबांच्या चहाच्या कपापासून, आणि आजाराने फक्त दार लोटलं? प्रयोग परत करता येत नाही. नियंत्रित नमुना नाही. आजाराला दोष द्यायची सोय असणं हाच आजाराचा एक फायदा आहे हे तिच्या लक्षात आलं, आणि त्या लक्षात येण्याची तिला किळस वाटली.

कोराडीची चिमणी दिसू लागली तशी तिने ओढणीच्या आत हळूच म्हणून पाहिलं: कोयसा. म्हणजे म्हणायचं ठरवलं. तोंडातून आलं ‘कोळसा’. पुन्हा. जीभ आपली आपण मागे गेली, उलटली, टेकली. तिसऱ्यांदा तिने जीभ खालच्या दातांमागे दाबून धरली, तेव्हा जे निघालं ते ना बाबांचं होतं ना मॅडमचं. शेजारच्या बाईने तिच्याकडे वळून पाहिलं. माया खिडकीबाहेर बघू लागली.

घराचं दार उघडंच होतं. कूलरचं पाणी टपटपत होतं. आईने हसून तिच्याकडे पाहिलं. निकाल तिच्या चालण्यावरूनच कळला असावा. मग त्या आत गेल्या आणि पेला घेऊन आल्या.

“पाणी घे,” त्या म्हणाल्या.

माया प्यायली. अर्धा पेला संपल्यावर तिच्या लक्षात आलं की आईने आजवर तिला कधी पाणी दिलं नव्हतं. पानी दिलं होतं. तिने पेला खाली ठेवला.

आई समोरच उभ्या होत्या. त्यांच्या हातात ती वाटी होती, आरशामागची, आत गोळीचे दोन्ही तुकडे आणि भुकटी जशीच्या तशी. चेहऱ्यावर राग नव्हता. दुसरंच काहीतरी होतं—मायाने ते आज सकाळीच पाहिलं होतं, फळ्यासमोर, बोलण्याआधी ओठ मिटून जीभ चाचपणाऱ्या माणसांच्या चेहऱ्यावर. महिनाभर रोज संध्याकाळी ती इथे भिंतीकडे तोंड करून म्हणत आली होती: काळ, वेळ, गोळी, आणि भिंतीच्या पलीकडे कोणी पीठ मळत होतं.

“माळा,” आई जपून म्हणाल्या, “गोळी घेतली का?”

दोन्ही ळ स्वच्छ होते. जीभ उलटून, टाळूला लागून, नीट सुटलेले. माया वाट पाहत राहिली. वाक्याच्या शेवटी काहीतरी यायचं राहिलं होतं, तिचं आणि आईचं एवढंसं काही, रोज येत होतं ते. ते ‘वं’ आलं नाही. आईने तिथे वाक्य संपवलं होतं, आणि आता त्या तिच्याकडे बघत होत्या, बाबा चहाचा कप खाली ठेवून बघायचे तसं नाही—उलट बाजूने. बरोबर आलं का, असं.

नाही आई. मुळात य आहे. तू ठेवलेलं नाव आहे ते, तुझंच बरोबर होतं... पण हे सांगायचं म्हणजे आणखी एकदा दुरुस्तच करायचं. आणि नाही सांगितलं तर उद्यापासून या घरात कोणी माळा नावाची राहायला येणार होती.

तिने वाटीतला एक तुकडा उचलला, लहान की मोठा हे न बघता, आणि जिभेवर ठेवला. पाणी घेतलं नाही. तो विरघळू लागला. आधी खडूसारखा, मग कडू, मग फक्त कडू, कडेपासून मागपर्यंत. आई उत्तराची वाट बघत होत्या. उत्तर द्यायला जीभ उचलायला हवी होती, आणि ती कुठे न्यावी हे मायाला कळेना.